हळदीचं पेटंट: निकालात काय ठरलं आणि काय ठरलंच नाही

हळदीच्या पेटंटची गोष्ट आपल्याकडे साधारण दोन वाक्यांत सांगितली जाते. अमेरिकेने आपल्या हळदीवर पेटंट घेतलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांनी ते रद्द करून आणलं. गोष्ट खोटी नाही. पण ती इतकी आटवलेली आहे की तिच्यातला वैद्यकीय भाग उडूनच गेला आहे, आणि त्या रिकाम्या जागी एक तिसरं वाक्य येऊन बसलं आहे: 'हळद जखमेवर गुणकारी आहे हे अमेरिकेनेही मान्य केलं.' कॅप्सुलांच्या जाहिरातींत ते असतं, आरोग्यावरच्या व्याख्यानांत असतं, व्हॉट्सॲपवर तर असतंच. निकालात मात्र ते कुठेही नाही.

म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून नीट मांडून बघण्यासारखं आहे. मला स्वतःला त्यात सगळ्यात जास्त रस आहे तो हरलेल्या बाजूच्या एका युक्तिवादात. कायद्याच्या कसोटीवर तो टिकला नाही, आणि तो टिकू नये हेच योग्य होतं. पण हळद औषध म्हणून घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न तिथूनच सुरू होतो.

पेटंट नेमकं कशावर होतं

डिसेंबर १९९३ मध्ये अर्ज झाला आणि २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेचं ५४०१५०४ क्रमांकाचं पेटंट मंजूर झालं. शीर्षक सरळ होतं: जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. मालकी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे होती. संशोधक म्हणून ज्या दोघांची नावं होती ते दोघेही भारतीय वंशाचे. ही बाब तेव्हा पुष्कळ चघळली गेली. प्रकरणाच्या गुणदोषांशी तिचा काही संबंध नाही, म्हणून ती इथेच सोडतो.

हळदीचं रोप, हळकुंड किंवा स्वयंपाकातली हळद यांपैकी कशावरही हे पेटंट नव्हतं. ते होतं वापरण्याच्या एका पद्धतीवर. मुख्य दावा असा: रुग्णाला परिणामकारक प्रमाणात हळदीची पूड देऊन जखम लवकर भरून आणण्याची पद्धत. पुढचे पाच त्याचेच फाटे. पूड पोटात दिली तर, वरून लावली तर, दोन्ही केलं तर, जखम शस्त्रक्रियेची असेल तर, आणि अंगावरचा चिघळलेला व्रण असेल तर. एकूण सहा दावे. ज्या कुणाच्या घरी मुलाचा गुडघा फुटल्यावर मसाल्याचा डबा उघडला गेला आहे, त्याला हे सहा दावे वाचून हसूच येईल.

(जाता जाता: मुक्या मारावर आपण उगाळून लावतो ती आंबेहळद. ती हळदीच्याच कुळातली, पण वेगळी वनस्पती आहे. या प्रकरणात ती कुठेच नव्हती. दोन्हींचे गुण एकाच खात्यात जमा करायची आपली सवय इथे बाजूला ठेवावी.)

पेटंट देशापुरतं असतं. अमेरिकेत मिळालेल्या पेटंटचा अंमल अमेरिकेतच. त्यामुळे इथल्या आजीला कुणी नोटीस धाडणार नव्हतं, हळदीच्या बाजारातल्या आडत्यालाही नाही. अडचण झाली असती ती अमेरिकेत 'जखमेसाठी' म्हणून हळद विकू पाहणाऱ्याची. तेही कायमचं नाही. पेटंट टिकलं असतं तरी २०१३ संपता संपता त्याची मुदत भरलीच असती. शिवाय पेटंट मिळालं म्हणजे औषध म्हणून विकायची परवानगी मिळाली असंही नसतं. ती परवानगी देणारं खातं वेगळं, त्याच्या चाचण्या वेगळ्या. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क, एवढंच.

मग लढायचं कशाला? कारण पेटंट कार्यालयाच्या शिक्क्याचा अर्थ होतो 'हे नवीन आहे'. जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं ते नवीन म्हणून एकदा नोंदलं गेलं आणि त्यावर कुणी हरकत घेतली नाही, की पुढच्या अर्जदारांना वाट मोकळी. ९०च्या दशकात कडुनिंबावरचं युरोपातलं पेटंट आणि बासमतीवरचं अमेरिकेतलं पेटंट हे वादही याच सुमाराला पेटलेले होते.

परीक्षकाला हे दिसलं कसं नाही

'अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात कुणाला साधी गोष्ट माहीत नव्हती का?' हा प्रश्न हमखास येतो. उत्तर थोडं रुक्ष आहे, पण सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात एखादी गोष्ट नवी नाही हे ठरवण्याचे दोन वेगवेगळे निकष होते. ती अमेरिकेत लोकांना माहीत असेल किंवा वापरात असेल, तर ती नवी नाही. आणि ती जगात कुठेही छापील स्वरूपात वर्णन केलेली असेल, तरीही ती नवी नाही. या दोहोंच्या मधल्या फटीत कोट्यवधी लोकांची घरगुती वैद्यकी पडते. भारतात घरोघरी वापर आहे. पण तो अमेरिकेत नाही, म्हणून पहिला निकष लागू नाही. तो तोंडी चालत आला, म्हणून दुसराही लागू नाही. सासूकडून सुनेकडे आलेलं ज्ञान त्या कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं. छापलेलं दाखवा, मग बोलू.

गंमत म्हणजे पेटंटच्या मसुद्यातच भारतात मुरगळणं, सूज अशा तक्रारींवर हळद पूर्वापार वापरली जाते असा उल्लेख होता. म्हणजे अर्जदारांनी परंपरा लपवली नव्हती. त्यांनी तिला वळसा घातला. सूज आणि मुरगळ जुनी, जखम भरणं नवं, अशी ती वाटणी. ज्याने कधी हळदीचा लेप पाहिलेला नाही, त्या परीक्षकाला ती पटली यात नवल नाही.

बत्तीस पुरावे आणि एक फेरतपासणी

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, हिचे माशेलकर तेव्हा महासंचालक होते. २८ ऑक्टोबर १९९६ रोजी परिषदेने अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाकडे या पेटंटच्या फेरतपासणीचा अर्ज केला.

याला आपण सर्रास 'खटला' म्हणतो. पण न्यायालय, न्यायाधीश, साक्षीदार, उलटतपासणी असं यात काहीच नव्हतं. फेरतपासणी ही पेटंट कार्यालयाच्या आत चालणारी कागदी प्रक्रिया. कुणीही शुल्क भरून ती मागू शकतं, पण तिचा आधार फक्त आधीची पेटंटं आणि छापील मजकूर एवढाच असू शकतो. अर्जदाराने कागद दाखल करायचे. पुढचा संवाद मुख्यत्वे परीक्षक आणि पेटंटधारक यांच्यात. भावनिक भाषणाला तिथे जागाच नाही. 'आमच्याकडे सगळेच लावतात' या वाक्याचं वजन तिथे शून्य.

म्हणून परिषदेने ३२ छापील संदर्भ गोळा केले. त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने होते. संस्कृत, हिंदी, उर्दू अशा भाषांतले मजकूर होते आणि त्यांची इंग्रजी भाषांतरं जोडावी लागली. आयुर्वेदात हरिद्रेचा व्रणाशी संबंध नवा नाही, त्यामुळे साहित्य होतं. प्रश्न होता ते तारखेनिशी परीक्षकाच्या टेबलावर ठेवण्याचा. सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती मात्र कुठल्या पोथीची नव्हे. ती झाली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापून आलेल्या एका निबंधाची. आधुनिक वैद्यकाच्या भाषेत लिहिलेला, तारीख असलेला, ग्रंथालयात सापडणारा लेख. परीक्षकाला हवा असतो तो नेमका असाच कागद.

मला या तपशिलाचं महत्त्व फार वाटतं. परंपरेचा अभिमान आणि परंपरेची नोंद या वेगळ्या गोष्टी आहेत आणि या प्रकरणात कामाला आली ती दुसरी. १९५३ साली कुणीतरी घरगुती उपायाकडे संशोधनाचा विषय म्हणून पाहिलं, लिहिलं, छापून आणलं. त्रेचाळीस वर्षांनी तो कागद उपयोगी पडला.

पूड आणि लेप: हरलेला मुद्दा

परीक्षकाने संदर्भ पाहून सहाही दावे फेटाळण्याची भूमिका घेतली. मग पेटंटधारकांना उत्तराची संधी मिळाली, आणि इथे प्रकरण खऱ्या अर्थाने रंगतदार होतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. तुम्ही दाखवलेल्या जुन्या मजकुरात आहे तो हळदीचा लेप, आमचा दावा आहे पुडीचा. लेप आणि पूड यांचे भौतिक गुण वेगळे. शरीरात शोषलं जाण्याचं प्रमाण वेगळं. लेपाने जे होतं ते पुडीनेही होईल असं या क्षेत्रातला जाणकार खात्रीने सांगू शकणार नाही. आणि पोटात घेण्याबद्दल तुम्ही जे दाखवता त्यात हळद मधातून दिलेली आहे. मध स्वतःच जखम भरणारा आहे, मग श्रेय हळदीचं कशावरून?

परीक्षकाने हे मान्य केलं नाही. कोरड्या पुडीत पाणी किंवा तूप कालवलं की लेप होतो. ज्याला लेप ठाऊक आहे त्याला पूड सुचणं ही शोधाची पायरी नव्हे. १९९७ साली दावे फेटाळले गेले. ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नाशीच्या ऐन माहोलात, वर्तमानपत्रांत ही बातमी झळकली आणि तिला जो राष्ट्रीय रंग चढला तो त्या मुहूर्ताचाही होता. २१ एप्रिल १९९८ रोजी फेरतपासणीचं प्रमाणपत्र निघून प्रकरण अधिकृतपणे मिटलं. विकसनशील देशाच्या पारंपरिक ज्ञानावर घेतलेलं पेटंट यशस्वीपणे रद्द होण्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं.

निकाल बरोबर होता याबद्दल मला शंका नाही. पण हरलेल्या बाजूचं ते उत्तर पुन्हा एकदा वाचा, पेटंटचा विचार डोक्यातून काढून टाकून. रूप बदललं की शोषण बदलतं. सोबत काय दिलं त्यावर परिणाम अवलंबून असतो. मधाचा गुण हळदीच्या नावावर जमा होऊ नये. औषधशास्त्राच्या वर्गात पहिल्या वर्षी शिकवतात त्या या तीन गोष्टी आहेत, आणि हळदीच्या बाबतीत त्या तिन्ही शंभर टक्के लागू आहेत.

जखमेवर हळद: जे कुणी तपासलंच नाही

या सगळ्या प्रक्रियेत एक प्रश्न कुणीच कुणाला विचारला नाही: हळदीने जखम खरंच लवकर भरते का? विचारण्याचं कारणच नव्हतं. मिसिसिपीचं म्हणणं होतं, भरते आणि हे आम्ही शोधलं. भारताचं म्हणणं होतं, भरते आणि हे आम्हाला आधीपासून ठाऊक आहे. वाद तारखेचा होता. ज्या मुद्द्यावर दोन्ही पक्षांचं एकमत, तो मुद्दा परीक्षक कशाला उकरेल?

मग पुरावा आहे तरी काय? हळदीच्या पिवळेपणामागचं मुख्य द्रव्य कर्क्युमिन. ते पहिल्यांदा १८१५ साली वेगळं केलं गेलं, आणि त्याची रचना १९१०मध्ये मांडली गेली. परीक्षानळीत ते दाहाची साखळी चालवणाऱ्या रेणूंना आवर घालतं, काही जंतूंची वाढ रोखतं. उंदीर आणि गिनीपिगांच्या जखमा कर्क्युमिनने लवकर भरल्याचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे पेटंट संपलं त्याच वर्षी. माणसांवरचा जुना अभ्यास म्हणाल तर १९९२चा खरजेचा आहे: कडुनिंब आणि हळदीचा लेप ८१४ रुग्णांना दिला, ३ ते १५ दिवसांत ९७ टक्के बरे झाले. आकडा भारदस्त दिसतो. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि लेपात दोन औषधं होती. मधाचा जो आक्षेप वर आला, तोच इथे कडुनिंबाच्या नावाने घेता येतो.

जखमेवर प्रत्यक्षात काय घडतं ते जवळून पाहू. ताज्या खरचटण्यावर हळद दाबली की रक्त थांबल्यासारखं दिसतं. त्यात दाबाचा वाटा मोठा, कोरड्या पुडीने ओल शोषून घेण्याचाही. थोड्या वेळात पूड, रक्त आणि लस यांची एक कडक पापडी बनते. उथळ खरचटलेलं असेल तर ती पापडी चारदोन दिवसांत गळून पडते आणि खाली नवी कातडी असते. तशी ती हळद न लावताही आली असती. जखम खोल असेल तर मात्र पापडीखाली पू साठायला आडोसा मिळतो. आणि पिवळ्या डागामुळे कडेची लाली दिसत नाही. जंतुसंसर्ग पसरतोय की नाही हे डॉक्टर त्या लालीवरूनच ओळखतात. हळद फासून आलेली जखम आधी धुऊन काढावी लागते, आणि ते धुणं रुग्णाला चांगलंच झोंबतं.

डब्यातली हळद निर्जंतुक नसते. जमिनीखालचा कंद, उकडलेला, उघड्यावर वाळवलेला, गिरणीत दळलेला. त्यात जंतूंचे बीजाणू असू शकतात. रंग खुलवण्यासाठी शिशाचं संयुग किंवा मेटॅनिल यलो हा औद्योगिक रंग मिसळण्याचे प्रकार घडतात, तो धोका वेगळाच. म्हणून खोल किंवा मातीने माखलेली जखम, भाजलेलं, मधुमेह्याच्या पायाचा व्रण, बाळाची नाळ, यांवर घरची हळद नको. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याने साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची आणि लसीसाठी निघायचं. हळद, तिखट, चुना काहीही त्यात भरायचं नाही. किरकोळ खरचटल्यावर आधी पाण्या-साबणाने धुऊन मग कुणी चिमूटभर लावली, तर त्यावर मी वाद घालत बसणार नाही.

याचा अर्थ हळदीच्या लेपात काही नाही, असा मुळीच नाही. शुद्ध कर्क्युमिन मोजून घातलेली मलमं आणि पट्ट्या यांवर काम चालू आहे आणि ते आशादायक आहे. पण तिथेही प्रश्न पुन्हा रूपाचाच. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात टिकत नाही. ते जखमेच्या ओलाव्यात पोचवायचं कसं, यातच निम्मी मेहनत जाते.

पोटात घेतलेल्या हळदीचा हिशेब

आता पेटंटचा दुसरा दावा घेऊ, पूड पोटात देण्याचा. इथे 'शोषण' हा शब्द फारच महाग पडतो.

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. चहाचा एक चमचा म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळद धरली, तर हाती लागतं जेमतेम ९० मिलिग्रॅम. त्यातलंही आतड्यातून फार थोडं रक्तात शिरतं. जे शिरतं त्याचं आतडं आणि यकृत लगेच रूपांतर करून बाहेर काढायच्या मागे लागतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात झालेला आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी अजूनही सांगितला जातो. निरोगी माणसांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, तर रक्तात त्याचा पत्ताच लागेना, लागला तरी अगदी नाममात्र. त्याच मात्रेसोबत मिरीतलं पिपरीन फक्त २० मिलिग्रॅम दिलं तर शोषण वीस पटींनी वाढलं. त्या रूपांतराच्या कामात पिपरीन अडथळा आणतं, हे त्यामागचं कारण.

तेच द्रव्य, तीच मात्रा, आणि वीसपट फरक. मिसिसिपीवाल्यांच्या हाती हा कागद आला असता तरी पेटंट वाचलं नसतंच, कारण पूड आणि लेप यांच्यातला फरक तेवढा नाही. पण त्यांच्या उत्तरातलं तत्त्व किती खरं होतं ते यातून दिसतं.

हळदीच्या अर्कावर माणसांत झालेल्या बऱ्या चाचण्याही याच चष्म्यातून वाचाव्या लागतात. थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क चार आठवड्यांत दुखणं कमी करण्यात १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाच्या तोडीचा ठरला, आणि पोटाचा त्रास कमी झाला. ऑस्ट्रेलियात ७० रुग्णांवर बारा आठवडे झालेल्या, २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुखणं तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त कमी झालं. पण एमआरआयमध्ये सांध्यातलं पाणी आणि सूज होती तशीच दिसली. अपचनावर २०२३ची थायलंडमधलीच २०६ रुग्णांची चाचणी आहे. दिवसाला २ ग्रॅम कर्क्युमिन आणि २० मिलिग्रॅम ओमेप्राझोल हे आम्लपित्तावरचं औषध यांनी लक्षणांत सारखाच आराम दिला. हे निकाल चांगले आहेत, मी ते हलके लेखत नाही. पण २ ग्रॅम कर्क्युमिन डब्यातल्या हळदीतून मिळवायचं तर रोज वीसेक चमचे हळद खावी लागेल. आमटीतल्या अर्ध्या चमच्याला या चाचण्यांचं श्रेय देता येत नाही. आमटीतली हळद चवीची, रंगाची, सवयीची. ती निर्धास्त खावी.

उलट बाजूही तितकीच खरी. आमटीतली हळद शेकडो वर्षं निर्धोक ठरली म्हणून कॅप्सूलही निर्धोक, हे गणित चालत नाही. कर्क्युमिनची रोजची सुरक्षित मर्यादा खाद्यरंग म्हणून शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत धरलेली आहे. साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. बाजारातल्या कित्येक कॅप्सुलांत एकेकीत ५०० मिलिग्रॅम अर्क असतो, वर शोषण वाढवायला पिपरीन. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांच्या जाळ्याने २०२२मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेली दहा प्रकरणं मांडली. दहापैकी सात जणांत प्रतिकारशक्तीशी संबंधित एक विशिष्ट जनुकीय खूण, एचएलए-बी ३५:०१, सापडली. एक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावला. तपासलेल्या काही गोळ्यांत पिपरीन होतं, काहींत नव्हतं. तेव्हा सगळा दोष मिरीच्या माथी मारता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाकडे जून २०२३ अखेरपर्यंत हळद किंवा कर्क्युमिनच्या गोळ्यांनंतर यकृताचा त्रास झाल्याच्या १८ नोंदी होत्या आणि त्याने तसा इशारा दिला.

असं घडणं विरळा आहे. पण ते लवकर ओळखू येत नाही, कारण डॉक्टरांनी 'कोणती औषधं चालू आहेत?' विचारलं तर हळदीच्या गोळीचं नाव कुणी काढत नाही. ती औषधात मोजलीच जात नाही ना. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, कारण नसताना थकवा असं काही दिसलं तर गोळी थांबवून यकृताची तपासणी करावी आणि डबी सोबत न्यावी, कारण अर्क किती आणि पिपरीन आहे की नाही हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. पित्ताशयात खडे आहेत, यकृताचा जुना आजार आहे, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे किंवा शस्त्रक्रिया ठरली आहे, अशांनी विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

पुढे काय झालं

प्रकरणाचा थेट परिणाम म्हणजे २००१मध्ये सुरू झालेलं पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय. आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा शास्त्रांतल्या ग्रंथांमधली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत, पेटंट परीक्षकाला शोधता येईल अशा वर्गीकरणात घातली गेली. सुमारे ३ कोटी ४० लाख पानांचा हा पसारा आहे. २००९मध्ये युरोपच्या आणि अमेरिकेच्या पेटंट कार्यालयांशी करार होऊन ती त्यांच्या परीक्षकांना खुली झाली. भारताच्या पेटंट कायद्यातही २००२च्या दुरुस्तीने पारंपरिक ज्ञानावर पेटंट देता येणार नाही असं कलम आलं. अमेरिकेने २०११मध्ये कायदा बदलला आणि मार्च २०१३पासून 'अमेरिकेतच माहीत किंवा वापरात हवं' ही अट गेली. परदेशातला उघड वापरही आता नावीन्याच्या आड येतो. तो बदल हळदीसाठी झाला नव्हता, पण ज्या फटीतून ५४०१५०४ निसटलं होतं ती बुजली.

शोषणाचा मुद्दा मात्र पेटंटच्या जगात हरला नाही, त्याचा नुसता पत्ता बदलला. पोषकद्रव्यं चांगली शोषली जावीत म्हणून पिपरीन वापरण्यावर १९९६मध्येच अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं, म्हणजे हळदीची फेरतपासणी सुरू झाली त्याच वर्षी. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू आपल्या औषधांत पूर्वापार असूनही त्या पेटंटची आठवण क्वचितच कुणी काढतं. त्यानंतर कर्क्युमिनवर जी पेटंटं निघाली त्यांतली पुष्कळशी रूपाचीच आहेत: सूक्ष्म कण, चरबीत गुंडाळलेलं कर्क्युमिन, अमुक घटकासोबतचं मिश्रण. अर्जदार भारतीय असो की परदेशी, त्याला आता हेच सिद्ध करावं लागतं की माझं रूप जुन्या हळदीपेक्षा वेगळं वागतं.

आणि ज्या परिषदेने मिसिसिपीला हरवलं, तिच्याच जम्मूच्या प्रयोगशाळेने पिपरीन क्षयरोगाच्या औषधासोबत वापरून पाहिलं. त्यातून २००९च्या सुमारास जी गोळी आली तिच्यात रिफॅम्पिसिन नेहमीच्या ४५० मिलिग्रॅमऐवजी २०० मिलिग्रॅमच आहे. सोबत आयसोनियाझिड आणि १० मिलिग्रॅम पिपरीन.